एक व्हिकर आणि दीड लाख माणसे

वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधील गिरण्यांच्या शहरांविषयी लिहिताना मागील अंकात लीड्सच्या सेंट पीटर्स चर्चचा उल्लेख आम्ही एका वाक्यात उरकला होता. ते वाक्य वाचकांना पुरले नाही, हे त्यानंतर आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. काही पत्रांतील मजकूर जागेअभावी थोडा कमी केला आहे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त लीड्समध्ये असतो. त्याच्याकडे गेलो असता कर्कगेट रस्त्यावर काळपट दगडांचे एक भव्य चर्च पाहिले. बाहेरून ते चार-पाचशे वर्षांचे वाटते. मुलगा मात्र ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आहे असे ठासून सांगतो, आणि आत तर हजार वर्षांपूर्वीचा दगडी क्रूस उभा आहे. यातले खरे काय धरायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुलाचे म्हणणे बरोबर आहे आणि क्रूसही अस्सल आहे. लीड्सला चर्च आणि धर्मगुरू असल्याची नोंद 1086 सालच्या डूम्सडे या महसुली दप्तरात सापडते, म्हणजे त्या जागेवरची उपासना नऊशे वर्षांहून जुनी आहे. परंतु आज आपण पाहिली ती इमारत 1838 ते 1841 या काळात उभी राहिली. 1837 मध्ये वॉल्टर फार्कर हूक हे व्हिकर, म्हणजे चर्चचे मुख्य धर्मगुरू, म्हणून लीड्सला आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेले मध्ययुगीन चर्च अंधारे होते आणि त्यातली बरीचशी आसने खासगी मालकीच्या बंदिस्त कप्प्यांनी अडवलेली होती. मूळ बेत केवळ डागडुजीचा आणि काही फेरफारांचा होता. मात्र भिंती उकलायला घेतल्यावर जुने बांधकाम आतून खचलेले निघाले आणि दुरुस्तीच्या कामाचे पाहता पाहता नव्या बांधकामात रूपांतर झाले. जुना वाडा दुरुस्तीला काढणाऱ्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

वास्तुविशारद होते रॉबर्ट डेनिस चॅंट्रेल. सर जॉन सोन यांच्यासारख्या अभिजात शैलीच्या उस्तादाकडे शिकलेल्या या माणसाने येथे गॉथिक शैलीत चर्च बांधले. लांबी 180 फूट, रुंदी 86 फूट, आणि उत्तरेच्या बाजूला 139 फूट उंचीचा मनोरा. लंडनच्या सेंट पॉल्सनंतर इंग्लंडमध्ये बांधलेले हे सर्वांत मोठे नवे चर्च, असे त्याचे वर्णन केले जाते. 2 सप्टेंबर 1841 रोजी रिपनचे बिशप चार्ल्स लाँगली यांनी त्याचे अभिषेकपूर्वक उद्घाटन केले आणि प्रवचनासाठी न्यू जर्सीचे बिशप डोन थेट अमेरिकेहून आले होते. त्या गर्दीत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, तेव्हा एकविशीतल्या आणि जगाला सर्वस्वी अपरिचित. दगडाचा काळेपणा वयाचा नाही, तो कोळशाच्या धुराचा आहे. हे चर्च उभे राहत असतानाच पलीकडे होल्बेकमध्ये जॉन मार्शल यांची जवसाच्या सुताची गिरणी इजिप्तमधील देवळाचे दर्शनी रूप घेऊन उभी राहत होती. एकाच वेळी चर्च इंग्रज मध्ययुगाचा पोशाख घालत होते आणि गिरणी मिसरी देवळाचा, यात त्या शहराची त्या वेळची मनःस्थिती पुरेशी दिसते.

आता क्रूसाविषयी. जुना मनोरा पाडताना त्याच्या भिंतीत कोरीव दगडांचे तुकडे सापडले. मध्ययुगातल्या गवंड्यांनी आपल्याहून जुना क्रूस भराव म्हणून वापरून टाकला होता. हा क्रूस साधारण दहाव्या शतकातील असून त्यावर ख्रिस्ती आकृत्यांच्या सोबतीने वेलंड नावाच्या दंतकथेतील लोहाराची आकृती आहे, पंख बांधून उडणारी. चॅंट्रेल यांनी तुकडे जुळवले आणि पुढे निवृत्त होऊन ब्रायटनला गेले तेव्हा क्रूसही बरोबर नेला. याला चोरी म्हणावे की जतन, हे ठरवणे कठीण आहे, कारण तो त्यांनी जुळवला नसता तर राडारोड्यात गेला असता. 1870च्या दशकात तेव्हाचे व्हिकर जॉन गॉट यांनी तो परत आणवला आणि तेव्हापासून तो चर्चमध्ये आहे.

प्रश्न : तुमच्या लेखात धर्मग्राम वाढत गेल्याचे म्हटले आहे. चर्च मोठे बांधले म्हणून धर्मग्राम वाढला, की धर्मग्राम वाढला म्हणून चर्च मोठे बांधावे लागले? शिवाय दीड लाख माणसांच्या शहराला एकच चर्च कसे असू शकते? (एक वाचक, वसई)

उत्तर : तुम्ही वसईचे असल्यामुळे धर्मग्राम हा शब्द तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. इतर वाचकांसाठी एवढेच सांगतो की, एका चर्चच्या आणि त्याच्या धर्मगुरूच्या देखभालीखाली येणारा ठरावीक प्रदेश आणि त्यातील माणसे म्हणजे धर्मग्राम, ज्याला इंग्रज पॅरिश म्हणतात. फरक असा की वसईत धर्मग्रामात फक्त कॅथलिक मोजले जातात, तर जुन्या इंग्लंडमधील धर्मग्राम ही एकाच वेळी धर्माची आणि कारभाराची शीव होती. तिच्या आत राहणारा माणूस कोणत्याही पंथाचा असो, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांसाठी धर्मग्रामाचे चर्च हेच त्याचे अधिकृत ठिकाण असे. 1754 पासून 1837 पर्यंत तर ज्यू आणि क्वेकर सोडून बाकी सर्वांना कायदेशीर लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत पंथाच्या, चर्चमध्येच लावावे लागे. त्या प्रत्येक विधीची दक्षिणा ठरलेली असे आणि ती मूळ चर्चच्या व्हिकरकडे जात असे.

लीड्सचा धर्मग्राम मध्ययुगात आखला गेला तेव्हा तो विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांचा होता. होल्बेक, हन्स्लेट, आर्मली, हेडिंग्ली या वस्त्या त्याच सीमेत होत्या आणि क्षेत्रफळ होते सुमारे 21 हजार एकर. मग लोकर आणि जवस आले, वाफेची इंजिने आली. 1801 मध्ये या सीमेत सुमारे 53 हजार माणसे होती, 1831 मध्ये ती 1 लाख 23 हजार झाली आणि नवे चर्च उघडले त्या वर्षी, 1841 मध्ये, 1 लाख 52 हजार. चाळीस वर्षांत माणसे जवळजवळ तिप्पट झाली, धर्मग्रामाची रेघ मात्र जिथल्या तिथे राहिली. तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर उघड आहे : आधी गिरण्या वाढल्या, त्यांच्यामागून माणसे आली आणि सर्वांत शेवटी चर्च जागे झाले.

दुसऱ्या भागाचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. शहरात उपासनेच्या इमारती एकच होत्या असे नाही. 1818 मध्ये संसदेने नव्या चर्चसाठी दहा लाख पौंडांचा निधी मंजूर केला आणि त्यातून 1820च्या दशकात लीड्सलाही तीन चर्चे मिळाली. त्यांपैकी मेडो लेनचे क्राइस्ट चर्च याच चॅंट्रेल यांचे काम. हूक यांच्या आगमनाच्या सुमारास शहरात अँग्लिकन चर्चे पंधराच्या घरात होती. परंतु ही सगळी कायद्याच्या दृष्टीने मूळ चर्चची लेकरे होती. त्यांना स्वतःचा पूर्ण हक्काचा धर्मग्राम नव्हता, तिथल्या धर्मगुरूचे स्थान दुय्यम होते, उत्पन्न तुटपुंजे होते आणि विधींवरचा पहिला हक्क मूळ चर्चचा होता. अशा ठिकाणी टिकून राहण्याचे कारण कोणत्याही कर्तबगार माणसाला नव्हते. हन्स्लेटच्या गिरणी कामगाराने आपला धर्मगुरू कोण असे विचारले, तर कायद्याप्रमाणे उत्तर होते कर्कगेटवरचे व्हिकर. आणि त्या व्हिकरांना दीड लाखांपैकी किती चेहरे ठाऊक असणार?

माझ्या मते या चर्चच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दिवस उद्घाटनाचा नव्हे. हूक यांची पहिली प्रेरणा त्या काळाला साजेशीच होती : शहर मोठे आहे, तर चर्चही मोठे बांधावे. ते बांधून झाल्यावर दोन-तीन वर्षांतच त्यांच्या ध्यानात आले की इमारत कितीही मोठी केली तरी ती या धर्मग्रामाला पुरणारी नाही आणि बदलायला हवी ती इमारत नसून रेघच आहे. 1844 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने लीड्सच्या धर्मग्रामाच्या विभागणीचा खास कायदा संसदेने मंजूर केला. त्यानुसार शहरातील चर्चे एकेका स्वतंत्र धर्मग्रामाची मुख्य चर्चे होऊ शकत होती आणि तिथला धर्मगुरू हा कुणाच्या हाताखालचा न राहता पूर्ण अधिकाराचा व्हिकर बनत होता. अट एकच, पण मार्मिक होती : तळमजल्यावरची आसने विनामूल्य आणि सर्वांना खुली असली पाहिजेत. ज्या काळात चर्चमधले बाकही भाड्याने किंवा मालकीने घेतले जात आणि गरिबाला मागे, कडेला किंवा वरच्या सज्जात जागा मिळे, त्या काळात ही अट म्हणजे केवळ बैठकीची व्यवस्था नव्हती.

या कायद्याने हूक यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा भाग आणि नेमणुका करण्याचे अधिकार सोडून दिले. इंग्लंडमधील अत्यंत मोठ्या धर्मग्रामांपैकी एकाचा धनी असलेल्या माणसाने आपण होऊन ते तोडून वाटावे, हे एखाद्या वतनदाराने कुणी मागितले नसताना आपले वतन रयतेत वाटून टाकण्यासारखे होते. वतनदारांचा आपल्याकडचा इतिहास पाहता असे किती वेळा घडले, ते वाचकांनीच आठवून पाहावे. 1859 मध्ये ते लीड्स सोडून चिचेस्टरला तिथल्या कॅथीड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, डीन (प्रमुख धर्मगुरू) म्हणून गेले तोवर शहरात 21 नवी चर्चे उभी राहिली होती आणि एकूण संख्या 36 वर गेली होती. धर्मगुरूंसाठी घरे आणि गरीब मुलांसाठी शाळा त्याहून निराळ्या. चर्चची संख्या दुप्पट झाली म्हणून माणसे दुपटीने आत आली, असे मात्र समजू नये. हूक लीड्सला आले तेव्हाच त्यांनी लिहिले होते की या गावाचा खरा प्रस्थापित धर्म मेथडिझम, म्हणजे अँग्लिकन चर्चमधून निघालेला वेगळा पंथ, आहे, आणि 1851 मध्ये सरकारने उपासनेला येणाऱ्यांची मोजदाद केली तेव्हाही लीड्समध्ये मेथडिस्टांचा आकडा अँग्लिकनांच्या पुढेच निघाला.

प्रश्न : एवढ्या बांधकामाचा खर्च सरकारने केला की लोकांनी? इंग्लंडमध्ये चर्चसाठी कर असे, असे वाचले आहे. अन्य पंथांचे लोक तो कसा देत? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सेंट पीटर्सला जवळजवळ 30 हजार पौंड लागले आणि ते वर्गणीतून जमले. यात शहरातील व्यापारी आणि गिरणीमालक यांचा वाटा मोठा होता. कर होता तो निराळ्या कामासाठी : इमारतीची निगा आणि उपासनेचा नित्याचा खर्च यांसाठी धर्मग्रामातील सर्व घरमालकांवर, मग ते मेथडिस्ट असोत, बॅप्टिस्ट असोत की आणखी कुणी, चर्चपट्टी बसवता येत असे. मात्र ही पट्टी वेस्ट्री नावाच्या सार्वजनिक सभेत मंजूर व्हावी लागे, आणि त्या सभेत पट्टी भरणारा प्रत्येक जण मत देऊ शकत असे. साहजिकच लीड्ससारख्या ठिकाणी अँग्लिकन चर्चच्या खर्चाचा निर्णय त्या चर्चमध्ये पाऊल न टाकणाऱ्यांच्या हाती गेला. दुसऱ्याच्या देवळाची पट्टी आपण का भरावी, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही.

हूक आले त्या वर्षीच या प्रश्नाने पेट घेतला. अर्ध्या पेनीच्या पट्टीसाठी बोलावलेल्या सभेला हजारोंचा जमाव लोटला आणि अन्य पंथांच्या वक्त्यांनी नव्या व्हिकरांचा यथेच्छ समाचार घेतला. अध्यक्षस्थानी खुद्द व्हिकरच होते. सगळे ऐकून घेऊन ते उठले आणि ज्या वक्त्याने सर्वांत जास्त तोंडसुख घेतले होते, त्याला आपण क्षमा केली आहे असे सांगून त्यांनी भर सभेत त्याच्याशी हस्तांदोलन केले. जमाव हसला, निवळला आणि त्या दिवसापुरती पट्टी मंजूर झाली. ही हातोटी पुढे नेहमीच चालली असे नाही. लीड्समध्ये सक्तीची चर्चपट्टी लवकरच व्यवहारात अशक्य होऊन बसली, आणि सबंध देशात ती 1868 च्या कायद्याने संपली.

याच वेस्ट्री सभेतून एक मौज घडली. 1840च्या दशकात लीड्सच्या चार्टिस्टांनी, म्हणजे सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मागणाऱ्या कामगार चळवळीच्या लोकांनी, बहुमत मिळवून चर्च वॉर्डनच्या जागा जिंकल्या. चर्चच्या पैशाअडक्याचा हिशेब पाहणारे अधिकारी ते हेच. व्हिकर साहेब कट्टर टोरी आणि परंपरावादी, वॉर्डन मंडळी जहाल. दोघांचे भांडण होणार अशी सर्वांची खात्री होती. प्रत्यक्षात हूक यांनी पुढे या चार्टिस्ट वॉर्डनांच्या सचोटीची मनापासून तारीफ केली. गिरण्यांतील कामाचे तास दहावर आणण्याच्या चळवळीला त्यांचा पाठिंबा होता, त्यामुळे दोघांमधले अंतर बाहेरून दिसे तेवढे रुंद नसावे. 1846 मध्ये तर त्यांनी एका पुस्तिकेतून असे मांडले की गरिबांच्या शिक्षणाचा भार चर्चला पेलणारा नाही, सरकारने लौकिक शिक्षण द्यावे आणि धर्मशिक्षण ज्याच्या त्याच्या पंथाने वेगळ्या वेळी द्यावे. अँग्लिकन धर्मगुरूने असे म्हणणे ही त्या काळी मोठी खळबळ होती, आणि नाराज झालेल्यांत त्यांचे स्वतःचे मित्रही होते.

प्रश्न : मी पाश्चात्त्य संगीताचा हौशी अभ्यासक आहे. संगीतकार सॅम्युएल सेबास्टियन वेस्ली हे याच चर्चमध्ये होते काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होय, 1842 ते 1849 पर्यंत ते तिथे ऑर्गनवादक होते. 1841 च्या उद्घाटनाला ऑर्गन वाजवण्यासाठी ते एक्झेटर कॅथीड्रलमधून आले आणि पुढल्याच वर्षी कायमचे लीड्सला आले. कॅथीड्रलची नोकरी सोडून गिरणी-गावातल्या चर्चमध्ये यावे असे आकर्षण तिथे होते, कारण हूक यांनी पांढरे झगे घातलेल्या पुरुष आणि मुलांचा गायनवृंद उभा करून रोजची गायनयुक्त उपासना सुरू केली होती. कॅथीड्रलांबाहेर ही गोष्ट तेव्हा दुर्मीळ होती. खुद्द हूक यांना स्वरज्ञान बेताचेच होते असे सांगतात, त्यामुळे संगीतात ढवळाढवळ करणारा मालक वेस्लींना मिळाला नाही. गंमत म्हणजे हे वेस्ली मेथडिस्ट चळवळीचे भजनकार चार्ल्स वेस्ली यांचे नातू. ज्या गावाचा खरा धर्म मेथडिझम होता, तिथल्या अँग्लिकन चर्चमध्ये वेस्ली घराण्याचा वारस ऑर्गनवर बसला होता.

ते तापट होते आणि मासेमारीचे वेडे होते. 1847 च्या हिवाळ्यात गळ टाकायला गेले असताना त्यांचा पाय मोडला आणि कित्येक महिने त्यांना अंथरुणावर काढावे लागले. 1848 मध्ये त्यांनी स्तोत्रसंहितेतील 51 व्या स्तोत्रातील शब्दांवर एक समूहगीत रचले. त्यातल्या मोडलेल्या हाडांच्या ओळीवर त्यांनी अशी काही बोचरी स्वरसंगती योजली आहे की ऐकणाऱ्याला त्या पायाची आठवण व्हावी.

प्रश्न : पुण्यातील पंचहौद मिशन आणि लीड्सचे हे चर्च यांचा काही संबंध आहे का? दोन्ही ‘ऑक्सफर्ड चळवळी’तून आली असे एका व्याख्यानात ऐकले. (एक वाचक, पुणे)

उत्तर : थेट संबंध नाही, मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच पाट वाहतो. 1830च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये अँग्लिकन चर्चला त्याच्या प्राचीन, कॅथलिक वारशाची आठवण करून देणारी चळवळ सुरू झाली. एडवर्ड पुसी हे तिचे एक अग्रणी. हूक त्यांचे मित्र आणि बऱ्याच अंशी सहमत, पण रोमच्या दिशेने एक पाऊलही न टाकणारे. पुसी यांनी आपले नाव गुप्त ठेवून लीड्समधील कामगारवस्तीत सेंट सेव्हियर्स हे चर्च बांधण्यासाठी पैसे दिले. 1845 मध्ये ते उघडले आणि दोन-तीन वर्षांतच तिथले काही धर्मगुरू रोमन कॅथलिक झाले. शहरभर आपल्या पंथाविषयी विश्वास मिळवू पाहणाऱ्या हूक यांना हा घाव फार लागला आणि जुन्या मैत्रीत कडवटपणा आला. माझे मत विचाराल तर सेंट सेव्हियर्सच्या मंडळींनी गरिबांत केलेले काम खरे होते आणि हूक यांचा संतापही खरा होता.

त्याच चळवळीच्या पुढच्या पिढीत, 1866 मध्ये, ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे फादर बेन्सन यांनी संन्यस्त धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. पुण्यात पंचहौद येथे काम उभारणारे काउली फादर ते हेच. त्यांच्या जोडीला आलेल्या वाँटेजच्या भगिनीही याच परंपरेतल्या, ज्यांच्याकडे वाँटेजला असताना 1883 मध्ये पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. 1890 मध्ये पंचहौदला घेतलेल्या चहामुळे रानडे, टिळक आदी मंडळींवर प्रायश्चित्ताचा प्रसंग कसा आला, ते पुणेकरांना आम्ही सांगण्याची गरज नाही. लीड्सला पुसींच्या चर्चपायी जे वाद माजले, त्यात चहाचा मात्र काही दोष नव्हता.

ता. क. : नाशिकच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी चर्चलगतच्या रेल्वेच्या बांधाविषयी विचारले आहे. 1869 मध्ये नवा लोहमार्ग शहराच्या मध्यात नेताना तो या चर्चच्या दफनभूमीतून आरपार गेला. त्या वेळी हलवलेल्या कबरींवरच्या शिळा बांधाच्या उतारावर आडव्या बसवण्यात आल्या. त्या आजही तिथेच आहेत आणि लीड्स स्थानकातून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या त्यांच्या माथ्यावरून धावतात. मुलाकडे पुन्हा जाल तेव्हा चर्चच्या बाजूने बांधाकडे पाहावे, काही शिळांवरची अक्षरे अजून वाचता येतात.